रिलिव्हिंग लेटर हातात आहे, पण कॅनडाला हवंय रेफरन्स लेटर

'श्री. अमुक यांनी आमच्या कंपनीत ४ जून २०१२ ते ३० सप्टेंबर २०१७ या काळात असिस्टंट मॅनेजर या पदावर काम केले. त्यांची वर्तणूक चांगली होती. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.' खाली एचआरची सही, गोल शिक्का. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये असं पत्र असतं. कुणी त्याला रिलिव्हिंग लेटर म्हणतं, कुणी एक्स्पिरियन्स लेटर, आणि बऱ्याच कंपन्या दोन्ही मजकूर एकाच कागदावर देऊन टाकतात. माझ्या नवऱ्याच्या फाइलमध्येही ते होतं. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, एक्स्प्रेस एंट्री या ऑनलाइन पद्धतीतून केलेला आमचा पहिला अर्ज याच कागदापायी नाकारला गेला. पत्र खरं होतं, तारखा बरोबर होत्या, नोकरीही खरीच केलेली होती. तरीही अधिकाऱ्याने लिहिलं की या माणसाने नेमकं काय काम केलं ते कागदपत्रांवरून दिसत नाही. त्या कागदाकडे पुन्हा नीट पाहिलं तेव्हा पटलं. खरंच दिसत नव्हतं.

रिलिव्हिंग लेटर आणि कॅनडाला हवं असलेलं रेफरन्स लेटर, हे दोन कागद दिसायला सारखे असले तरी लिहिले जातात वेगवेगळ्या माणसांसाठी. रिलिव्हिंग लेटर वाचणार असते तुमची पुढची कंपनी. तिला एवढंच बघायचं असतं की आधीच्या ठिकाणाहून रीतसर बाहेर पडलात का, नोटीस पिरियड भरला का, काही देणंघेणं उरलंय का. कामाचं स्वरूप तिने तुम्हाला मुलाखतीत विचारून घेतलेलं असतं, म्हणून पत्रात ते नसलं तरी कुणाचं अडत नाही. रेफरन्स लेटर वाचणारा अधिकारी तुम्हाला कधीच भेटलेला नसतो. चाकण कुठे आहे, तुमच्या प्लांटमध्ये काय बनतं, तुमच्याकडे 'असिस्टंट मॅनेजर' कशाला म्हणतात, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. त्या कागदावर जे आहे तेवढंच त्याच्यासाठी घडलेलं असतं.

त्यात 'रेफरन्स' हा शब्दही फसवतो. आपल्या कानाला तो शिफारशीसारखा वाटतो, आणि साहेबही त्याच भावनेने लिहून देतात: अत्यंत मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये मिसळून काम करणारा. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी हे ठीक. पीआरच्या अर्जात या ओळींना काहीच वजन नसतं.

कॅनडाचं इमिग्रेशन खातं, म्हणजे आयआरसीसी, या पत्रात काय हवं ते स्पष्ट सांगतं. कंपनीचं लेटरहेड, त्यावर पत्ता, फोन आणि ईमेल. तुमचं नाव. कंपनीत सांभाळलेली सगळी पदं आणि त्यांच्या तारखा. आठवड्याला किती तास काम. वार्षिक पगार आणि इतर लाभ. कामाच्या जबाबदाऱ्या. शेवटी तुमच्या थेट वरिष्ठाची किंवा एचआर अधिकाऱ्याची सही, नाव आणि हुद्द्यासह. आपल्याकडच्या रिलिव्हिंग लेटरशी ताडून पाहिलं तर तास, पगार आणि जबाबदाऱ्या या तीन गोष्टी त्यात बहुतेक वेळा नसतातच.

यातली तासांची गोष्ट लोक सोडून देतात, कारण आपल्याकडे कुणी तास मोजत नाही. पण कॅनडाच्या नियमात आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ, आणि वर्षभराचे मिळून १,५६० तास. एक्स्प्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या गटात अर्ज करायचा तर गेल्या १० वर्षांत किमान एक वर्षाचा सलग, पगारी, कुशल कामाचा अनुभव लागतो. पत्रात तास नसतील तर ते वर्ष पूर्णवेळ होतं हे मानायला अधिकाऱ्याकडे आधार उरत नाही. आणि ६० तास राबलात म्हणून वर्षाची दोन वर्षं होत नाहीत. ३० च्या वरचे तास धरले जात नाहीत.

पण खरा जीव आहे तो जबाबदाऱ्यांत. तो समजायला 'एनओसी' समजायला हवं. आपल्याला एनओसी म्हटलं की ना हरकत प्रमाणपत्र आठवतं, सोसायटीचं नाहीतर कंपनीचं. कॅनडाचं एनओसी म्हणजे नॅशनल ऑक्युपेशनल क्लासिफिकेशन, तिथल्या व्यवसायांची अधिकृत वर्गवारी. प्रत्येक व्यवसायाला एक कोड, एक प्रास्ताविक वर्णन आणि खाली मुख्य कामांची यादी. १६ नोव्हेंबर २०२२ पासून एक्स्प्रेस एंट्रीत पाच आकडी कोड चालतात. जुने चार आकडी, २१७३ किंवा २१७४ सारखे, अजूनही व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरत असतात. ते वापरू नका. कामाला लागणारं शिक्षण, प्रशिक्षण, अनुभव आणि जबाबदारी यांवरून प्रत्येक व्यवसायाची पातळी ठरते, तिला टीईईआर म्हणतात. टीईईआर ०, १, २ आणि ३ या पातळ्यांवरचं काम कुशल धरलं जातं.

तुम्ही जो कोड निवडता त्याच्या प्रास्ताविक वर्णनाशी तुमचं काम जुळलं पाहिजे, आणि यादीतल्या मुख्य कामांपैकी बरीचशी, अत्यावश्यक असतील ती सगळी, तुम्ही प्रत्यक्ष केलेली असली पाहिजेत. हे पाहताना पदाच्या नावाला फारसं महत्त्व नसतं. आपल्याकडे पदाची नावं ग्रेडवरून पडतात. बँकेतल्या डेप्युटी मॅनेजरच्या हाताखाली कुणीच नसतं, आयटीतल्या 'असोसिएट कन्सल्टंट' या शब्दांवरून तो कोड लिहितो की टेस्टिंग करतो ते कळत नाही. माझा नवरा असिस्टंट मॅनेजर होता, पण मॅनेज करायला त्याच्याकडे माणसं नव्हती. तो उत्पादनाचं नियोजन करायचा: मशिनवार वेळापत्रक, सायकल टाइमचा अभ्यास, लाइन कुठे अडते ते शोधणं. आम्ही पदाच्या नावावर जाऊन मॅनेजरचा कोड निवडला. पत्रात कामाचा एक शब्द नव्हता. मग अधिकाऱ्याने तो कोड कशावरून मान्य करावा?

आयटीतल्यांसाठी याच जातीचा एक पेच: २१२३१ हा सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि डिझायनरचा कोड, २१२३२ हा सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि प्रोग्रॅमरचा. पहिल्यात रचना, मूल्यमापन, आर्किटेक्चर यांवर भर आहे, दुसऱ्यात कोड लिहिणं, बदलणं, तपासणं यांवर. व्हिजिटिंग कार्डावर 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' छापलंय म्हणून २१२३१ घेतला आणि पत्रातली सगळी कामं कोडिंगची निघाली, तर अडचण तुम्हीच ओढवून घेतलीत.

आता उलटी चूक. एनओसीच्या पानावरची यादी जशीच्या तशी उचलायची आणि साहेबांची सही घ्यायची. असं पत्र वाचताच संशय येतो, आणि यायलाच हवा. तुमचं काम तुमच्या शब्दांत लिहा: कोणत्या मशिनवर, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, किती जणांच्या गटात, कशासाठी. मसुदा तुम्ही करून देण्यात गैर काही नाही. एचआरला तुमचं काम माहीतच नसतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तसंच होतं. पण सही करणाऱ्याला त्यातली प्रत्येक ओळ खरी म्हणता आली पाहिजे. व्हिसा कार्यालय फोन करून किंवा ईमेल पाठवून पडताळणी करू शकतं. एजंटने 'करून दिलेलं' पत्र तिथे उघडं पडलं, तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि पाच वर्षं दार बंद होतं. कुणी पैसे घेऊन अनुभव 'दाखवून' देतो म्हणाला तर त्या माणसापासून दूर राहा. भोगावं लागतं अर्जदाराला, एजंटला नाही.

मग रिलिव्हिंग लेटर फेकून द्यायचं का? मुळीच नाही. तो दुय्यम पुरावा म्हणून उत्तम कागद आहे. नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, पगारपत्रकं, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक यांच्यासोबत तो नोकरीचा काळ पक्का करतो. फक्त सगळ्या कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते आधी बघा. पीएफमधली रुजू होण्याची तारीख आणि पत्रातली तारीख यांत महिन्याचा फरक असेल, तर तो का आहे ते आपणहून लिहून द्या.

कंपनी रेफरन्स लेटर द्यायलाच नकार देते, हे दुखणं फार जणांचं आहे. 'आमच्या फॉरमॅटमध्ये जबाबदाऱ्या लिहिण्याची पद्धत नाही.' नवऱ्याच्या कंपनीनेही हेच सांगितलं. अशा वेळी एचआरकडून तारखा, पद, पगार, तास एवढं तरी लेटरहेडवर मागा. जबाबदाऱ्यांचं पत्र त्या काळातल्या थेट वरिष्ठाकडून वेगळं घ्या. ते आता दुसरीकडे असतील किंवा निवृत्त झाले असतील, तर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि ते तुमचे वरिष्ठ होते याचा पुरावा जोडा. कंपनीला पत्र मागणारे ईमेल आणि त्यांचा नकारही जोडा. हे सगळं एका स्पष्टीकरणपत्रात ओवून द्या. हे मान्य होईलच अशी हमी नाही, निर्णय अधिकाऱ्याचा असतो. पण न दिलेल्या कागदाचा विचार तो करूच शकत नाही.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांचं गणित वेगळं. इंटिरिअर डिझायनर, फ्रीलान्स प्रोग्रॅमर, वर्कशॉपवाला यांनी स्वतःच सही केलेली कामांची यादी पुरावा धरली जात नाही. व्यवसायाची नोंदणी, उत्पन्नाचे कागद आणि ग्राहकांची पत्रं लागतात, कोणतं काम करून घेतलं आणि किती पैसे दिले ते सांगणारी.

जिल्हा परिषदेची शाळा, सहकारी बँक, नगरपालिका इथे नोकरी केलेल्यांचे दाखले मराठीत असतात. सोबत इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं, आणि ते तुम्ही किंवा घरच्यांनी केलेलं चालत नाही. प्रमाणित भाषांतरकाराकडून घ्या आणि मूळ दाखल्याची प्रत जोडा.

वेळेचं मात्र मनावर घ्या. आयआरसीसीकडून अर्ज करण्याचं आमंत्रण आलं की सगळे कागद चढवायला ६० दिवस मिळतात. तेवढ्यात सात वर्षांपूर्वीच्या कंपनीत आता कोण एचआर आहे हे शोधायचं, मसुदा पाठवायचा, सही मिळवायची! आम्हाला दुसऱ्या खेपेला नुसत्या जुन्या प्लांट हेडचा पत्ता लावायला पाच आठवडे लागले. ते कोल्हापूरला मुलाकडे राहायला गेले होते. नवऱ्याने फोनवर काम सांगितलं, तर त्यांनीच उलट त्याला आठवण करून दिली: 'अरे, त्या तिसऱ्या लाइनचं वेळापत्रक तू बदललं होतंस, ते घातलंस का पत्रात?' घातलं नव्हतं. ती ओळ मग त्यांनी स्वतःच्या हाताने मसुद्यात लिहिली.