तीन कारागीर, तीन फासे

ओट्याचा ग्रॅनाइट बसलेला, नळाची पाइपलाइन पूर्ण झालेली आणि विजेचे पॉइंट काढलेले असल्याखेरीज सुताराला स्वयंपाकघरातील ट्रॉल्या बसवता येत नाहीत. तिन्ही कारागीर अगदी प्रामाणिकपणे ‘तीन दिवस’ सांगतात, तरी सुतार चौथ्या दिवशी क्वचितच कामाला लागतो. यामागे दर वेळी कोणाचा आळस असतोच असे नाही, आणि मुहूर्त चुकल्याचा तर मुळीच संबंध नाही.

कामांचे वेळापत्रक आखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, हेन्री गँट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तक्त्यात प्रत्येक काम एका आडव्या पट्टीने दाखवतात. पट्टीची लांबी ठाम असते; कामाचा कालावधी मात्र तसा नसतो. अमेरिकी नौदलाने पाणबुडीतून सोडायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ च्या सुमारास ‘पर्ट’ ही कामांचे नियोजन करण्याची पद्धत घडवली, तेव्हा प्रत्येक कामासाठी तीन अंदाज मागितले गेले: सगळे सुरळीत झाले तर, बहुधा, आणि सगळेच बिघडले तर. बहुधाच्या अंदाजाला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागायचे. ग्रॅनाइटला अनुक्रमे २, ३ आणि १० दिवस धरले, तर (२ + १२ + १०) ÷ ६ म्हणजे ४ दिवस येतात. काम लवकर संपायला मर्यादा असते, लांबायला फारशी नसते; म्हणून सरासरी ‘बहुधा’च्या पुढे सरकते.

परंतु खरी गंमत वेगवेगळ्या कामांच्या वाटा एकत्र येतात तिथे आहे. प्रत्येक कारागिराचे दिवस एकेक फासा टाकून ठरतात, असे समजू. एका फाशाची सरासरी ३.५ असते. सुताराला मात्र सर्वांत उशिरा संपणाऱ्या कामासाठी थांबावे लागते, म्हणजे पडलेल्या दानांतील सर्वांत मोठा आकडा धरावा लागतो. दोन फाशांत या मोठ्या आकड्याची सरासरी ४.४७ येते, तीन फाशांत ४.९६. एक काम तीन दिवसांत आटोपण्याची शक्यता निम्मी असली, तरी तिन्ही आटोपण्याची शक्यता १/२ × १/२ × १/२, म्हणजे आठांत एक एवढीच उरते. एकाने लवकर उरकले तरी तो वेळ सुताराला मिळत नाही. दुसऱ्याचा उशीर मात्र पुरता त्याच्या वाट्याला येतो.

मूळ पर्ट पद्धत सर्वांत लांब वाटेचीच, म्हणजे एकामागून एक करायच्या कामांच्या सर्वांत लांब साखळीचीच, सरासरी मोजत असल्याने तिची तारीख आशावादी निघते. त्यामुळे आता संगणकावर असे फासे हजारो वेळा टाकून पाहतात. त्यातही सावधगिरी हवी, कारण पाऊस लागला की सगळी कामे एकदमच अडतात आणि फासे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. जे सॉफ्टवेअर अशा गणितातून एकच नेमकी तारीख काढून देते, त्याच्या जाहिरातीवर माझा विश्वास नाही. कोणत्या तारखेपर्यंत काम संपण्याची किती शक्यता आहे, एवढेच उत्तर त्याने द्यायला हवे.