पाणी चकाचक, मासे मात्र खलास

मोठं ॲक्वेरियम घ्यायचं ठरलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती एलपीएचचा फिल्टर देऊ?" म्हणजे ताशी किती लिटर पाणी फिरवणारा. आकडा मोठा तितका फिल्टर भारी, हा समज कुर्ल्याच्या बाजारापासून यूट्यूबपर्यंत पक्का रुजलाय. मग सहा फुटी टाकी घरी येते, पाणी काचेसारखं दिसतं, आणि दोन-तीन आठवड्यांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. दिसायला नितळ पाणी माशांना राहण्याजोगं असेलच असं नाही.

एलपीएचचं आधी उरकून टाकू. खोक्यावरचा आकडा पंपाला पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मोजलेला असतो. टाकीखालच्या कपाटातून चार-पाच फूट वर ढकलायचं म्हटलं की तोच पंप निम्म्यावर येऊ शकतो. एवढा हिशोब धरून तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरलं तरी पुष्कळ झालं.

आता गाळण. स्पंज किंवा पांढरा फ्लॉस (कापसासारखा थर) विष्ठा, उरलेलं खाद्य, कुजकी पानं अडवतो, हा यांत्रिक भाग. पण अडलेली घाण टाकीबाहेर गेलेली नसते. गाळणीतला चोथा न टाकता दिवसभर त्यातूनच चहा ओतत राहावं, तसा हा प्रकार. घाण दिसेनाशी होते आणि त्याच पाण्यात कुजत राहते. म्हणून यांत्रिक फिल्टर निवडताना मी एकच गोष्ट बघतो: तो उघडून धुवायला किती खटपट पडते. फ्लॉस हाताने उचलता येत असेल तर तो दर दोन-चार दिवसांनी धुतला जातो. नळ्या सोडवून, कॅनिस्टर (नळ्यांनी टाकीला जोडलेला बंद डब्याचा फिल्टर) बाथरूमपर्यंत वाहून न्यावा लागत असेल, तर तो महिनोन्‌महिने तसाच राहतो.

आणि खरं विष तर स्पंजात अडकतच नाही. माशांचा बहुतेक अमोनिया कल्ल्यांतून थेट पाण्यात विरघळतो. तो संपवण्याचं काम जिवाणूंचं, आणि इथून पुढे मला आवरणं कठीण आहे.

१८९०च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी दाखवलं की हे काम दोन पाळ्यांत चालतं: एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. पाठ्यपुस्तकांत नावं बसली, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. पुढे १९९०च्या दशकात टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या ॲक्वेरियमचे फिल्टर डीएनए पद्धतींनी तपासले, तर नायट्रोबॅक्टर सापडेचना. दुसरी पाळी नायट्रोस्पायरा सांभाळत होता. बाजारातल्या कितीतरी 'जिवंत जिवाणूं'च्या बाटल्यांवर मात्र अजून नायट्रोबॅक्टरच छापलेला असतो. (होव्हानेक यांनी पुढे स्वतःचीही बाटली बाजारात आणली, ती गोष्ट वेगळी.) २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल ॲक्वेरियमच्या समुद्री टाकीतल्या खडीतून अमोनिया खाणारा एक सूक्ष्मजीव वेगळा काढला गेला. तो जिवाणूच नव्हता, आर्किया या निराळ्याच वंशातला होता. मग २०१५ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की नायट्रोस्पायराच्या काही जाती दोन्ही पाळ्या एकट्याने करतात. त्यातल्या एका गटाचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून आलेला. विनोग्राडस्कींपासून चालत आलेली विभागणी माशांच्या फिल्टरनेच मोडली.

या जीवांना लागतं काय? बसायला जागा, आणि भरपूर ऑक्सिजन. दुकानदार जागेबद्दलच बोलतात. या सिरॅमिक रिंगांत म्हणे अमुक इतकी फुटबॉलची मैदानं मावतात. मावत असतीलही, पण बाहेरच्या थरातले जिवाणू ऑक्सिजन आधीच संपवतात, आतली सूक्ष्म छिद्रं गाळाने बुजतात, आणि मैदानं रिकामीच राहतात.

ऑक्सिजनचा हिशोब करू. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच टाकीत साधारण ६०० लिटर पाणी धरा. आत चार-सहा मोठे ऑस्कर मासे, रोज ३० ग्रॅम खाद्य, त्यात ४० टक्के प्रथिनं. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे १.९ ग्रॅम, त्यातला अंदाजे १.१ ग्रॅम अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला जवळपास ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे दिवसाला ५ ग्रॅम. आणि २८ अंशांना लिटरभर पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. ६०० लिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षाही कमी. टाकीभर ऑक्सिजन रोज नुसते जिवाणूच संपवणार, मासे आणि कुजणारा गाळ यांचा वाटा वेगळाच.

शिवाय याच क्रियेत आम्ल तयार होतं. दर ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) खर्ची पडते, आपल्या टाकीत दिवसाला लिटरमागे १३ मिलिग्रॅम. पाणी मऊ असेल, अल्कलिनिटी लिटरमागे ५० मिलिग्रॅम असेल, तर पाणी न बदलता चार दिवसांत शिल्लक संपते, सामू (पीएच) घसरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साचत जातो. सामू ७च्या खाली असेपर्यंत अमोनिया बहुतांश अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो. मग कोणीतरी घाबरून एकदम अर्ध्याहून जास्त पाणी बदलतं, सामू ८कडे जातो, विषारी अमोनियाचं प्रमाण ७ला अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतं ते ५ टक्क्यांवर पोचतं, आणि मासे त्याच रात्री उलटे होतात. अशा वेळी घरात शुभ म्हणून ठेवलेला महागडा ॲरोवाना मासा गेला की "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं" म्हणतात आणि वास्तुवाल्याच्या सल्ल्याने दुसरा आणतात. पहिल्याला ज्या पाण्याने मारलं त्याच पाण्यात. सामू आणि अमोनिया तपासायचा किट मात्र कुणी आणत नाही.

तर निवड काय करायची? सहा फुटी टाकीला मी डोळे मिटून 'संप' (इंग्रजी sump, म्हणजे खाली ठेवलेली फिल्टरची टाकी) म्हणेन: ओव्हरफ्लोने पाणी या खालच्या टाकीत उतरतं, आधी फ्लॉसमधून, मग जिवाणूंच्या कप्प्यातून. क्रम महत्त्वाचा. घाण पुढे गेली तर तिच्यावर झपाट्याने वाढणारे दुसरे जिवाणू आपल्या सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंची जागा आणि ऑक्सिजन दोन्ही बळकावतात. जिवाणूंच्या कप्प्यात पाणी हवेतून शिंपडत उतरवा, किंवा के-१सारखी, जिवाणूंना बसायला केलेली प्लास्टिकची छोटी चाकं हवेच्या बुडबुड्यांवर फिरती ठेवा. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत सांडपाण्यासाठी विकसित झाली. पुण्या-मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांच्या सांडपाणी प्रकल्पांत हीच चाकं फिरताहेत. संपाला जागा नसेल तर टाकीच्या वर बसणारा साधा टॉप फिल्टरही चालतो. दिसायला तो गावठी, पण पाणी उघड्यावर पडतं आणि फ्लॉस हाताशी असतो. कॅनिस्टर शांत आणि देखणा असला तरी मोठ्या माशांच्या टाकीला एकटा नको. जिवाणूंचं माध्यम नळाखाली धुवू नका, क्लोरीन त्यांना मारतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकं खळबळून घ्या.

राहिला लाइट जाण्याचा प्रश्न. बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो, संपाच्या उघड्या कप्प्याला जास्त उसंत मिळते. एक छोटा एअर पंप इन्व्हर्टरवर ठेवला तर बहुतेक वेळ निभावतं. लाइट चार-पाच तास नसेल, तर कॅनिस्टर पुन्हा सुरू करण्याआधी आतलं वास मारणारं पाणी बादलीत ओतून टाका, टाकीत जाऊ देऊ नका.