पाणी नसलेला विधी : बालसमर्पणामागचा इतिहास

सोलापुरात आमच्या शेजारच्या घरातल्या बाळाचं मागे एका रविवारी चर्चच्या उपासनेत देवाला समर्पण झालं. पाळकांनी दोन महिन्यांच्या लेकराला हातावर घेतलं, टाळूवर तळवा ठेवून प्रार्थना केली आणि आईकडे परत दिलं. पहिल्या बाकावर बसलेल्या आजी शेवटपर्यंत पाण्याचं भांडं शोधत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पाणी लावलंच नाही की! मग हे काय, नुसतं बारसं?"

त्यांचं चुकलं नव्हतं. इथल्या जुन्या मराठी मंडळ्या, म्हणजे चर्च, अमेरिकन मराठी मिशनच्या. ते मिशनरी काँग्रिगेशनल, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा, पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, देणारे. आजींचा तसाच झाला, त्यांच्या मुलांचाही. बाप्टिस्ट घरात दिलेल्या मुलीच्या बाळाचा मात्र झाला नाही, कारण बाप्टिस्ट जाणत्या वयात स्वतः विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा देतात.

याचं मूळ 16व्या शतकात सापडतं. 21 जानेवारी 1525 ला स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये धर्मसुधारक कॉन्राड ग्रेबेलने आपला सोबती जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. दोघांचाही बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला होता. पण जो स्वतः विश्वास ठेवतो त्याचाच बाप्तिस्मा खरा, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी बाळाला बाप्तिस्मा न देणं म्हणजे राज्यकर्त्यांनाच आव्हान होतं, कारण जन्मलेलं प्रत्येक मूल चर्चचं आणि राज्याचं एकाच वेळी होई. त्यांचा सोबती फेलिक्स मान्झ याला जानेवारी 1527 मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारलं.

मग घरात मूल जन्मलं तर मंडळीने करायचं काय? त्याच मताचा, वाल्ड्सहूट गावचा पाळक बाल्थासर हुबमायर याने 1525 मध्येच एका पत्रात लिहिलं आहे, की मी मंडळीला बोलावतो, बाळाला आत आणवतो, लोक येशूकडे बालकांना घेऊन आले तो शास्त्रभाग लोकांच्या भाषेत समजावतो, बाळाला नाव देतो आणि सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करतो. 500 वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचताना मला तो रविवारच दिसतो. हुबमायरला 1528 मध्ये व्हिएन्नात जाळलं.

बाप्टिस्ट मंडळी या झुरिकवाल्यांहून वेगळी, इंग्रज निर्वासितांची. जॉन स्मिथने 1609 मध्ये आम्स्टरडॅममध्ये ती सुरू केली. बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत आणखी तीसेक वर्षांनी आली. समर्पणाचा विधी सगळीकडे रुळला तो त्याहूनही फार उशिरा, मुख्यतः 20व्या शतकात.

पवित्र शास्त्रातून दाखला देतात तो हन्नेचा. तिने देवाकडे मागून घेतलेला मुलगा शमुवेल शिलोच्या मंदिरात नेऊन दिला. पण हन्ना मुलाला तिथेच ठेवून आली; आपण तर घरी घेऊन येतो. म्हणून मला त्या गोष्टीचं मर्म एवढंच वाटतं: लेकरू आपल्या मालकीचं नाही, हे आईबापांनी चारचौघांत कबूल करायचं. समर्पणाने बाळाला तारण मिळत नाही, ते मंडळीचं सभासदही होत नाही. वचन देतात ते आईबाप, आणि त्यांच्यासोबत उभी राहून मंडळी. बाळाच्या वतीने कोणी काही बोलत नाही. त्याचं उत्तर त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

बंगालमध्ये काम केलेला इंग्रज मिशनरी विल्यम केरी बाप्टिस्ट होता. त्याचं मराठी व्याकरण 1805 चं, पंडित वैजनाथ यांच्या मदतीने झालेलं. या केरीने 28 डिसेंबर 1800 ला बंगालमधल्या श्रीरामपूरला हुगळी नदीच्या पाण्यात कृष्ण पाल या बंगाली सुताराला बाप्तिस्मा दिला. त्याच दिवशी त्याच पाण्यात केरीचा स्वतःचा मुलगा फेलिक्सही उतरला. फेलिक्स तेव्हा 14 वर्षांचा होता. मिशनरी बापानेही मुलाच्या होकाराची तेवढी वर्षं वाट पाहिली होती.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांची चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा आजींच्या परंपरेतले आणि उत्तर भारतातले काही बाप्टिस्ट एकाच छपराखाली आले. तिथे दोन्ही वाटा मान्य झाल्या: तान्हेपणी बाप्तिस्मा, किंवा आधी समर्पण आणि जाणत्या वयात बाप्तिस्मा.

आजींना हे सगळं मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बाळाची टोपी कानावर ओढली आणि लेकीला विचारलं, "वचन तू दिलंयस ना? मग रोज रात्री याच्याजवळ प्रार्थना कोण करतं, तू का जावई?"