घराण्याचा शोध घ्यायचाय? आधी हे वाचा, मग आमच्याकडे या
(ठाणे-नवी मुंबईतल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वंशावळ काढून द्या म्हणून येणारे बरेच जण पहिलाच प्रश्न विचारतात, शिवकाळापर्यंत जाईल ना? ते आडनावावर नाही, तुम्हाला मूळ गाव माहितीय का त्यावर आहे. आपल्याकडचे जुने कागद माणसाच्या नावाने नाही, गावाच्या नावाने लावलेले असतात, त्यामुळे नुसतं आडनाव घेऊन आलात तर आम्ही पण काही करू शकत नाही आणि उगाच अॅडव्हान्स पण घेणार नाही.

गाव कसं शोधायचं? घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, आजी, मोठी आत्या, चुलत आजी कोणीही, पुरुषांपेक्षा त्यांना जास्त लक्षात असतं असा आमचा अनुभव. "आपली वंशावळ सांग" असं विचारलं तर त्या गप्प बसतात. त्यापेक्षा विचारा सुतक कोणाकोणाचं धरायचो, गावच्या देवीला कोण जायचं, गणपती कोणाच्या घरी एकत्र असायचा. सुतकाच्या यादीतून अख्खी भावकी बाहेर येते! मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा (त्यांना सांगून). जुन्या लग्नपत्रिका, आजोबांचा शाळेचा दाखला, देवघरातले टाक हे पण बघा. कुलदैवत गोव्यातलं आणि घर कोकणात असं असेल तर कधीतरी स्थलांतर झालेलं असू शकतं, तो पण धागाच आहे.

गाव मिळालं की आमचा सगळ्यात आवडता कागद म्हणजे वारसाचा फेरफार, म्हणजे मालक गेल्यावर जमीन वारसांच्या नावावर केल्याची गाव नमुना ६ या रजिस्टरमधली नोंद. सातबारावर आज कोणाचं नाव आहे तेवढंच कळतं, पण फेरफारात अमुक मयत, त्याचे वारस मुलगे अमुक अमुक, बऱ्याचदा मृत्यूची तारीख आणि वारसांची वयं पण असतात, आणि सातबारावर फेरफाराचा नंबर असतो तो धरून एकेक पिढी मागे जाता येतं. एक मात्र आहे, जुन्या नोंदीत मुली जवळपास नसतातच, 1956 चा हिंदू वारसा कायदा आल्यावर त्यांची नावं दिसायला लागतात, त्याआधी मुलगे नाहीतर क्वचित विधवा. म्हणून पणजीचं माहेर कागदात शोधत बसू नका, ते आजीलाच विचारा. भूलेख साइटवर चालू सातबारा फुकट बघता येतो, जुन्या फेरफारासाठी तलाठी किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करायचा.

इथे ठाण्या-नवी मुंबईच्या लोकांची एक गडबड होते ती जिल्ह्यांच्या नावांची. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे वसई, डहाणू, जव्हारचे त्याआधीचे कागद ठाणे जिल्हा म्हणूनच आहेत. रायगडचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं. आणि 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये (इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक) पनवेल, कर्जत पण ठाण्यातच आहेत! नवी मुंबईत वाशी, तुर्भे, घणसोली ही गावं ठाणे तालुक्यातली, पनवेल-उरणकडची रायगडातली, आणि सिडकोत जमीन गेलेल्या घरांनी तर भूसंपादनाचे कागद नीट सांभाळून ठेवा, त्यात त्या वेळच्या खातेदारांची नावं असतात.

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, गाव नमुना १४. यात बापाचं नाव, जात, तारीख असते. 2023 पासून कुणबी नोंदी शोधताना यातली बरीच रजिस्टरं सरकारने तपासली, आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्यात. तुमचं काम जात पडताळणीचं असेल तर तारखा बघून शोधा, एससीसाठी 10 ऑगस्ट 1950, व्हीजेएनटीसाठी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967, त्याआधीचा पुरावा लागतो. शाळेचं जनरल रजिस्टर इथे फार कामाला येतं.

नाशिक, त्र्यंबकेश्वरला तीर्थपुरोहितांच्या वह्या असतात. रामकुंडावर जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमचे गुरुजी कोण ते तिथलेच लोक सांगतात. कधी कधी पणजोबांची स्वतःच्या हातची सही बघायला मिळते, सोबत कोण भाऊ, कोण मुलं आलेली ते पण. वह्या त्यांच्या खाजगी आहेत, दक्षिणा द्या, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. हरिद्वारच्या बऱ्याच वह्या फॅमिलीसर्च या फुकट साइटवर स्कॅन करून आहेत. ख्रिश्चन कुटुंबांनी आधी पॅरिशच्या बाप्तिस्मा रजिस्टरकडे जावं.

साधारण स्वातंत्र्याच्या आधीचं बरंचसं मोडी लिपीत आहे, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या वळणदार लिपीत. मोडी वाटते तेवढी कठीण नाही, बाराखडी लवकर येते, खरा त्रास वेगवेगळ्या हाताच्या वळणाचा आणि शॉर्ट फॉर्मचा. राज्य पुराभिलेख खातं वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात पण चौकशी करा, आणि ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तुमच्या आडनावाचा कुलवृत्तांत (घराण्याच्या माहितीचं, वंशावळीचं पुस्तक) छापलेला आहे का ते तिथे आधी विचारून या, असेल तर आमची फी वाचेल. जुन्या तारखेवरून इंग्रजी साल काढायला, शके असेल तर 78 मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590, एखाद वर्ष इकडेतिकडे होतं.

आम्ही काय करतो: अर्ज करणं, रेकॉर्ड रूमला जाणं, मोडी वाचून देणं, तक्ता बनवणं. सरकारी नक्कल फी वेगळी, पावती दाखवून घेतो. प्रत्येक नावापुढे कुठल्या कागदावरून आलं ते लिहून देतो, कागद नसेल तर "ऐकीव" असं लिहितो, आणि त्यावरून भांडायचं नाही. कोणी सरदार घराण्याला जोडून द्या म्हटलं तर ते काम घेत नाही.

येताना गावाचं, तालुक्याचं नाव, असेल तो सातबारा आणि आजीचं रेकॉर्डिंग घेऊन या. रेकॉर्डिंग नसेल तर आजीलाच घेऊन या, ऑफिसला लिफ्ट आहे.