हिऱ्याचं लॉकेट (सिनेमातलं)

साखळीला लोंबणारा एकच ठळक हिरा, ज्याच्याभोवती पिच्चरची लव्हस्टोरी फिरते तो दागिना. जुना शब्द पदक, कन्नडातही पदकच, पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बोलताना सगळे लॉकेट म्हणतात, पेंडंट फक्त दुकानाच्या बोर्डावर. मंगळसूत्राच्या वाट्या आणि डोरलं यात धरलेलं नाही, तो विषयच वेगळा.

सगळ्यात गाजलेलं 'टायटॅनिक' (1997) मधलं निळं, बदामाच्या आकाराचं 'हार्ट ऑफ द ओशन'. असा हिरा कधी नव्हताच. कथेत तो 56 कॅरेटचा, फ्रान्सच्या सोळाव्या लुईकडचा आणि 1792 नंतर गायब झालेला दाखवलाय. शूटिंगसाठी लंडनच्या अॅस्प्रे अँड गॅरार्ड या जवाहिऱ्यांनी व्हाइट गोल्डमध्ये क्युबिक झिर्कोनिया बसवून दिला, म्हणजे आपले सराफ ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतात तोच खडा. पुढं याच डिझाइनचं श्रीलंकेच्या नीलमाचं लॉकेट झालं आणि 1998 च्या ऑस्करला सेलीन डिऑननं ते घातलं, पण तो नीलम, हिरा नव्हे, आणि लोक यात हमखास घोटाळा करतात.

कथेचा सांगाडा होप नावाच्या खऱ्या निळ्या हिऱ्यावरून उचललाय हे बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो होप हिऱ्याच्या खाणीवर. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए यानं सुमारे 112 कॅरेटचा निळा हिरा भारतातून नेला आणि 1668-69 च्या सुमारास चौदाव्या लुईला विकला, इथपर्यंत ठीक, पण तो कुठल्या खाणीतला हे त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं नाही. बहुतेक अभ्यासक आंध्रातली कृष्णाकाठची कोल्लूरची खाण धरतात. (हे कोल्लूर म्हणजे आपल्याकडचे लोक दर्शनाला जातात ते मूकांबिकेचं नव्हे, ते उडुपी जिल्ह्यात.) ताव्हेर्निए रावलकोंडा नावाची आणखी एक खाण सांगतो, ती विजापूरच्या आदिलशाही मुलखातली, म्हणून कधीकधी तिचंही नाव पुढं येतं, पण निळ्या हिऱ्याचा तिच्याशी थेट धागा जोडता येत नाही, तेव्हा कोल्लूरच जास्त पटतं, तेही अंदाज म्हणूनच. कोल्लूर धरलं तर एक गंमत आहे, चिकोडी, रायबाग, अथणीवरून जाते ती हीच कृष्णा, आणि खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवणारी मलप्रभा कूडलसंगमाला तिलाच मिळते, म्हणजे आपलंच पाणी त्या खाणीच्या काठानं गेलंय. पुढचा इतिहास बऱ्यापैकी पक्का: 1673 च्या आसपास पैलू पाडून तो 67 कॅरेटच्या थोडा वर राहिला, 1792 मध्ये चोरीला गेला, आणि त्यातूनच आजचा 45.52 कॅरेटचा होप निघाला. हे आधी तर्कच होते, पण पॅरिसच्या संग्रहात त्या चोरीला गेलेल्या हिऱ्याची शिशाची प्रतिकृती सापडली, तिचा अभ्यास 2009 मध्ये छापून आला आणि शंका जवळपास मिटली. निळा रंग बोरॉनमुळं. 1958 पासून हिरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा दुसरा दगड 'मून ऑफ बरोडा', 24.04 कॅरेटचा पिवळा, पेअरसारखा निमुळता. 1953 मध्ये मेरिलिन मन्रोनं 'जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स'च्या पब्लिसिटीत तो गळ्यात घातला होता. पाचशे वर्षं बडोद्याच्या गायकवाडांकडं होता असं सर्रास लिहितात, पण गायकवाडांचा अंमलच बसला 18व्या शतकात, तेव्हा पाचशे वर्षं आली कुठून! घराण्याकडं होता एवढंच धरावं. टिफनीचा 128.54 कॅरेटचा पिवळा हिराही असाच, ऑड्री हेपबर्ननं 1961 च्या 'ब्रेकफास्ट अॅट टिफनीज' पिच्चरच्या पब्लिसिटी फोटोंसाठी घातला, पिच्चरमध्ये तिच्या गळ्यात तो नाही.

प्रेमाची खूण म्हणून बघायला गेलं तर हे लॉकेट बहुतेक वेळा नको त्या माणसानं दिलेलं असतं. 'टायटॅनिक'मध्ये देणारा कॅल, नायिका रोझशी लग्न ठरलेला श्रीमंत, त्याच्या दृष्टीनं तो मालकीचा शिक्का, पण रोझ चित्र काढून घेताना तेवढंच लॉकेट घालून प्रियकर जॅकपुढं बसते तिथं अर्थ फिरतो, आणि म्हातारपणी ती ते समुद्रात सोडते. 'मूलाँ रूज' (2001) मध्येही हार ड्यूकचा आणि नायिकेचा जीव कफल्लक लेखकावर. तो हार मात्र खरा, 1308 हिऱ्यांचा, अर्थात लॉकेट नव्हे, अख्खा नेकलेसच.

सीमाभागात ही खूण तशीच्या तशी उतरलेली नाही. इथं नात्याची साक्ष दगड देत नाही, काळे मणी देतात, कन्नडात करिमणी. म्हणून हिरा हवाच असला तर तो काळ्या मण्यांच्या मधोमध बसवून घेतात, डायमंड मंगळसूत्र म्हणून, आणि बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीत काय किंवा निपाणीत काय, बघायला नवराबायको दोघं येतात, सोबत बहुतेक सासूबाई.