डॅगेरोटाइप की अँब्रोटाइप? तिरका करून बघा

मिशी सफाचट, हनुवटीखालून कानापर्यंत झालरीसारखी दाढी, केस उभे, डोळे एकदम पांढुरके, असला कोणी जुना अमेरिकन गृहस्थ पितळी चौकटीत, चामडी डबीत बसलेला दिसला की विकणारे सरळ डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा जुना फोटो, म्हणून टाकतात, पण बरेचदा तो अँब्रोटाइप, म्हणजे काचेवरचा फोटो, निघतो. डबीवर अजिबात जाऊ नका, दोघांच्या डब्या सारख्याच असतात आणि इतक्या वर्षांत कोणी कुठला फोटो कुठल्या डबीत घातला याचा काही नेम नाही.

हातात घ्या आणि तिरका करा. डॅगेरोटाइप म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर, तो घासून घासून आरसा केलेला, त्याला आयोडिनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा नि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. म्हणून एका कोनातून साहेब दिसतो, जरा कलवलं की त्याचाच निगेटिव्ह होतो, अजून कलवलं तर तुमचा स्वतःचा चेहरा! अँब्रोटाइप काचेवरचा, मुळात फिकट निगेटिव्हच, मागे काळा रंग किंवा कापड असलं की पॉझिटिव्ह वाटतो. हा कसाही फिरवला तरी आरसा होत नाही, आणि मागच्या रंगाचे पोपडे निघाले असतील तर तिथून आरपार दिसतं.

डॅगेरोटाइप पॅरिसला १८३९ मध्ये जाहीर झाला, अँब्रोटाइपचं अमेरिकन पेटंट १८५४ चं, आणि तो स्वस्त पडायचा म्हणून लवकर पसरला.

त्या भुताळी डोळ्यांचं मात्र दोन्हीत सारखंच, कारण दोन्ही प्लेटा निळा प्रकाश जास्त पकडतात आणि लाल जवळजवळ नाहीच, त्यामुळे निळे डोळे पांढरे पडतात आणि तांबूस गाल काळपट येतात. म्हणजे माणूस विक्षिप्त दिसतो त्यात रसायनाचा मोठा हात. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्येच स्वतःचा डॅगेरोटाइप काढला, विस्कटलेले केस, हाताची घडी, मला तो या सगळ्यांचा मूळपुरुष वाटतो, जरूर बघा.

आणि कृपा करून डॅगेरोटाइपवरची झाकणाची काच उघडून पत्रा पुसू नका, चित्र पत्र्याच्या अगदी वर असतं, मऊ कापडाने सुद्धा कायमचं जातं. कडेचा निळा-सोनेरी डाग तसाच राहू द्या. ऑनलाइन घेताना प्लेट हळूहळू कलवत काढलेला व्हिडिओ मागा, सरळ समोरून काढलेल्या फोटोवर दोघांतला फरक ओळखणं फार अवघड जातं.