ऑर्किडच्या मुळांना हवा हवी

नर्सरीतून हौसेने आणलेलं पहिलं ऑर्किड बहुधा लाडानेच मरतं. ऐसपैस कुंडी, शेणखत घातलेली काळीभोर माती, रोज सकाळी तांब्याभर पाणी. जास्वंदीला जे जे मानवतं ते सगळं त्याला मिळतं, आणि काही महिन्यांत मुळं कुजून पानं मान टाकतात.

आपल्याकडे सर्रास मिळणारी फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम ही ऑर्किडं मुळात झाडांच्या फांद्यांवर राहणारी. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडावर खोडांवरून गुलाबी-पांढरे घोस लोंबतात, ती सीतेची वेणी याच रीतीने जगते. (आसामचं राज्यफूलही तेच, तिथे बिहूला बायका ते केसांत माळतात.) तिला बांडगूळ समजून उपटणारे लोक आहेत, तो मात्र शुद्ध अन्याय. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून झाडाचा रस पितं. ऑर्किड फांदीवर नुसतं बसतं. पाणी पावसाचं आणि दवाचं, खनिजं सालीच्या खाचांत कुजलेल्या पाल्यातली.

असं अधांतरी जगायचं तर मूळही तसंच हवं. ऑर्किडच्या मुळाभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं जाडसर आवरण असतं. त्याला वेलामेन म्हणतात. कोरडेपणी या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. त्यावर चमचाभर पाणी ओतून बघा. टीपकागदासारखं ते पाणी ओढून घेतं, पेशींतली हवा निघून जाते, आवरण पारदर्शक होतं आणि बघता बघता पांढऱ्या मुळाचं हिरवं होतं. हा हिरवा रंग आतल्या हरितद्रव्याचा; उजेडातली ही मुळं थोडंफार प्रकाशसंश्लेषणही करतात. पाऊस थांबला की फांदीवर वारा लागून आवरण पुन्हा सुकतं. मातीत ते सुकतच नाही. सतत ओल राहिली की आतल्या जिवंत पेशींना प्राणवायू पुरत नाही, त्या मरतात आणि बुरशीचं फावतं.

म्हणून कुंडी भरताना पाण्याइतकाच हवेचा विचार करायचा. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, मिळाली तर पाइनची साल. तुकडे साधारण सुपारीएवढे. सोडण आधी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, त्यात क्षार असतात. कुंडी मुळं मावतील एवढीच घ्या आणि बाजूनेही भोकं असलेली बघा. आणलेलं झाड फुलावर असेल तर फुलं झडेपर्यंत त्याला हात लावू नका. मग ते अलगद काढा आणि मुळं बोटांनी दाबून पाहा. टणक लागतील ती जिवंत. पोचट, तपकिरी असतील ती गॅसच्या ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. कुंडीबाहेर डोकावणारी मुळं आत कोंबायचा मोह होतो. राहू द्या त्यांना बाहेर.

पाणी कधी घालायचं हे वाराला बांधू नका, मुळांचा रंग बघा. पांढरी पडली की भरपूर पाणी घाला आणि सगळं निथळू द्या. मुंबईच्या पावसाळ्यात आठवडाभर गरज पडणार नाही, विदर्भातल्या उन्हाळ्यात रोज पडेल. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात मात्र पाणी साचू देऊ नका. या झाडाला वाढीचा एकच शेंडा असतो. तो कुजला की झाड बहुतेक गेलंच. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) चालतं, पण लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम.

ऊन सकाळचं, कोवळं. पानं गडद हिरवी झाली आणि फूल येईना, तर उजेड कमी पडतोय. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा यायला काही आठवडे २५ अंशांच्या आसपास किंवा खालची हवा लागते. पुण्या-नाशिकचा हिवाळा त्याला बरा. कोकणपट्टीत आणि मुंबईत माझं मत डेंड्रोबियमला. त्याला उकाडा चालतो, ऊनही थोडं जास्त लागतं.

कळ्या आल्या की कुंडी आंब्याच्या आढीजवळ किंवा केळ्यांच्या घडाशेजारी ठेवू नका. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात. फुलाचं परागण झालं की त्याच्या आतही हाच वायू तयार होतो आणि ते लवकर कोमेजतं. घरात परागण करणारा कीटक सहसा फिरकत नाही, म्हणून फॅलेनॉप्सिसची फुलं दोन-दोन महिने टिकतात.

आणि डेंड्रोबियमच्या पानं झडलेल्या कांड्या वाळल्या समजून कापू नका. सुरकुतल्या असल्या तरी हिरव्या असतील, तर त्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. नवा कोंब त्यावरच पोसतो, आणि कधीकधी त्याच जुन्या कांडीच्या टोकाला पुन्हा फूल येतं.